फाटकावरचं घर

गाडी थांबली तेव्हा धक्का अगदीच किरकोळ बसला. म्हणजे आत बसलेल्यांना तो तसा वाटला. कुणाच्या हातातली चहाची बाटली सुटली आणि घरंगळत दारापर्यंत गेली, एका शाळकरी मुलीचं कपाळ दांड्यावर आपटलं, एवढंच. हे मोटरमन वाकिसाकाला गार्डानं मागाहून सांगितलं. पुढं केबिनमध्ये मात्र लोखंडावर लोखंड घासल्याचा तो लांबलचक आवाज त्याच्या दाढांतून आरपार गेला होता. ब्रेक ओढल्याचं त्याला आठवत नव्हतं. सागिनोदाई स्टेशनाजवळचं फाटक, बांबूंच्या मागून वळण घेत येणारा रूळ, आणि रुळांच्या मधोमध उकिडवी बसलेली एक बाई, मांडीवर पिशवी घेऊन, वाफ्यातलं तण काढायला बसावं तशी. मग ती काचेच्या खालच्या कडेत बुडाली, दिसेनाशी झाली, आणि त्यानंतर गाडी थांबली. म्हणजे झालंच. पांढरे हातमोजे काढायचे राहूनच तो खाली उतरला. खडीवर पाय ठरत नव्हते. पुढं जाऊन बघायचं होतं, आणि काय दिसणार हे त्याला ठाऊक होतं, कारण त्यानं ते आधी एकदा पाहिलं होतं. पण ती बाई तिथंच बसली होती, अख्खी. गाडीच्या तोंडाला तळवा लावून ती बघत होती, इस्त्री तापली का बघावं तसं.

"थांबली होय?" ती म्हणाली. आणि मग इकडंतिकडं पाहून, "लोकांना उशीर होईल आता."

फाटकाची घंटा वाजतच होती. दोन्हीकडं सायकली घेऊन माणसं खोळंबली होती आणि एकजण मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता की नाही, मेली नाही वाटतं. वाकिसाकानं तिला हात दिला. हात कोरडा होता, गार होता. तेव्हा त्यानं तिचं तोंड जवळून पाहिलं. साठी उलटलेली, नीट केस विंचरलेली बाई. त्या तोंडावर सुटका नव्हती, भीती नव्हती, रडूही नव्हतं. रांगेत सकाळपासून उभं राहून आपला नंबर यावा आणि नेमकी तेव्हाच खिडकी बंद व्हावी, तसं काहीसं होतं. ते त्यानं पाहिलं आणि लगेच बाजूला सारलं.

कारण त्या दिवशी त्याला आनंद झाला होता. कारशेडमध्ये साहेबांनी पाठ थोपटली. थर्मासमधला चहा दिला. कुबोकी, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा मोटरमन, ज्याच्या गाडीखाली दोन माणसं गेली होती आणि जो त्याविषयी बोलताना नेहमी हसायचा, तो यावेळी हसला नाही. म्हणाला, "नशीबवान आहेस लेका. मला एक तरी दे की असली." वाकिसाका मान खाली घालून बूट पुसत राहिला. त्याची पहिली वेळ काही वर्षांपूर्वीची. उन्हाळ्यातली लख्ख दुपार आणि फलाटाच्या टोकाला रेनकोट घातलेला माणूस. टोपीसकट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. ऊन एवढं मी म्हणत असताना रेनकोट कशाला, हा विचार वाकिसाकाच्या मनात पुरता उमटला होता, त्याला तेवढी सवड मिळाली होती. नंतर कितीतरी महिने तो प्रश्न त्याच्या डोक्यात एखाद्या भुंग्यासारखा फिरत राहिला. एक दिवस दाढी करता करता उत्तर मिळालं. मागं राहणाऱ्यांना आवराआवर कमी पडावी म्हणून. आरशात पाहत, गालावर फेस तसाच, तो किती वेळ उभा होता कोण जाणे. चिझुरूनं, त्याच्या बायकोनं, बाहेरून विचारलं, "अहो, झालं का?" तर तो "झालं" म्हणाला. तिला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही. या लाईनवर काम करणाऱ्यांच्या बायका ते विचारत नाहीत. लाईनीवरची सगळी टेकडी एकाच रेल्वे कंपनीची. तिनंच रूळ टाकले, तिनंच टेकडी कापून घरं विकली, तिच्याच दुकानातून माणसं भाजी आणतात आणि तिच्याच बसनं दवाखान्यात जातात, तेव्हा कुणाच्या घरात काय झालं हे न विचारताही सगळ्यांना कळलेलं असतं.

त्या संध्याकाळी तो भाजलेली ईल मासळी घेऊन घरी गेला. चिझुरूनं पुडकं उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "आज काय विशेष?"

"काही नाही. गाडी वेळेत थांबली."

"रोजच थांबते की."

तो हसला. जेवण चांगलं झालं. पण मग टबात गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसल्यावर ती बाई परत आली. थांबली होय? त्या 'होय'मध्ये तक्रार नव्हती, हेच वाईट होतं. त्यानं पाणी तोंडावर मारलं. आपण एक माणूस वाचवला, तो स्वतःशी म्हणाला, अगदी गाडी सुटायच्या आधी सिग्नलकडं बोट दाखवून मोटरमन तो पुकारतात तसं, मोठ्यानं. न्हाणीघरात आवाज घुमला. आणि त्याला वाटलं, हे आपण कुणाला दाखवतोय?

काही दिवसांनी ती सागिनोदाईच्या फलाटावर दिसली. गाडी आत शिरते त्या टोकाला नव्हे, जिथं केबिन येऊन थांबते तिथं, अगदी शेवटी. हातात तीच पिशवी. गाडी थांबली तशी तिनं काचेतून त्याच्याकडं पाहून मान लववली. त्यानंही लववली. तिसऱ्या चौथ्या दिवशी पुन्हा. मग रोज. ती गाडीत चढायची नाही. मान लववायची, दारं बंद व्हायची, गाडी सुटायची. वाकिसाका त्या स्टेशनात गाडी आणताना हात आखडू लागला. बांबूंच्या वळणावरच वेग मोडायचा, फलाट सुरू व्हायच्या आधी डोळे शेवटच्या टोकाला लावायचे. ती तिथं दिसली की छातीतली गाठ सुटायची, आणि सुटताक्षणी त्याला तिचा राग यायचा. साहेबांनी बोलावून विचारलं, "सागिनोदाईला काय होतं तुला? रोज थोडा थोडा मागं पडतोस." तो म्हणाला, वळणावर पालापाचोळा असतो, चाक घसरतं. हिवाळा तोंडावर होता, तेव्हा ते खपून गेलं. पण त्याच्या लक्षात आलं होतं की आपण आता गाडी चालवत नाही, एका बाईला बघायला जातो. ती दिसली नाही तर? आपण थांबवली म्हणून ती आहे, आणि आहे ती रोज आपल्यासमोर येऊन उभी राहते. एखादी वस्तू चुकून आपल्या घरी आली आणि परत कुठं द्यायची ते कळेना, असं झालं होतं.

एके दिवशी ती खिडकीजवळ आली. काच खाली होती.

"साहेब, तुमची सुटी कधी असते?"

"गुरुवारी," तो म्हणाला. म्हणून गेला.

"मग गुरुवारी. शेवटच्या स्टेशनात नूडल्सचा ठेला आहे ना, तिथं. मी इसोगाई."

ठेल्यावर उभ्यानंच खायचं असतं. दुपारची वेळ, गर्दी ओसरलेली. दोघं शेजारी शेजारी उभी राहिली, समोर वाफाळते वाडगे. साध्या कपड्यांत तिनं त्याला ओळखलं आणि त्याला उगाच उघडं पडल्यासारखं झालं. आधी ती हवेबद्दल बोलली. मग कंपनीच्या दुकानात तळघरात लोणच्यांच्या काउंटरवर तिनं किती वर्षं काढली त्याबद्दल. नवराही त्याच दुकानात होता, वारला. मग तिनं खायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"तुम्ही थांबवलीत," इसोगाईबाई म्हणाल्या. "आता पुढं मी काय करायचं, तेही तुम्हीच सांगा."

त्यात टोमणा नव्हता. कुठल्या फलाटावर जायचं असं विचारावं तसं त्या विचारत होत्या. वाकिसाकानं तिच्या वाडग्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "नूडल्स गार होतायत."

"मुलगा आहे मला. नाओफुमी. वरच्या खोलीत असतो."

"आजारी आहे?"

"नाही हो. असतो. तुमच्याच गाडीनं शहरात कामाला जायचा. एक दिवस फलाटावर उभा राहिला, गाडी आली, दारं उघडली, आत जागा होती, आणि याला म्हणे पाऊलच टाकता येईना. ती सोडली. दुसरी सोडली. दुपारपर्यंत तिथंच. मग घरी आला आणि वर गेला. तेव्हा केस काळे होते त्याचे. आता कसे आहेत मला माहीत नाही. मी ताट दारापाशी ठेवते, रिकामं परत येतं. एवढंच आमचं बोलणं."

"मग त्या दिवशी..."

"जीव द्यायचा वगैरे नव्हतं हो माझ्या डोक्यात. मला जगायचा कंटाळा नाही. मी म्हटलं, आपण गेलो की ताट थांबेल. एक दिवस काढेल, दोन दिवस काढेल, मग उतरेलच ना खाली? पोट कुणाला बसू देतं? सगळं करून पाहिलं. डॉक्टर झाले, सरकारी बाई येऊन गेली, देव झाले. मी आहे तोवर तो खाली येत नाही, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली बघा."

"पण गाडीखालीच का?" वाकिसाकाचा आवाज चढला. ठेलेवाल्यानं वर पाहिलं. "आम्ही माणसं आहोत आत."

"चुकलंच ते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खरोखरच कमरेत वाकून माफी मागितली. "आमचं घर फाटकावरच आहे. त्याची खिडकी वरून रुळावर उघडते. घरात गेले तर त्याला कळणार कसं? म्हणून. तुमचा विचार नाही आला मनात. काचेत तुमचं तोंड दिसलं तेव्हा आला. आता पुन्हा नाही जमायचं मला ते. आणि दुसरं काही सुचत नाही."

आपण का म्हणालो ते वाकिसाकाला नंतरही उमगलं नाही. गाडी थांबवण्यापलीकडं आपल्याला काही येतं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण तो म्हणाला, "मी येऊन बोलतो त्याच्याशी." आणि बाईंनी गार झालेला वाडगा उचलून रश्शासकट संपवला.

घर खरंच फाटकावर होतं, रुळाच्या एवढं जवळ की गाडी गेली की कपाटातल्या बश्या बोलायच्या. जिना अंधारा, अरुंद, चढताना पायऱ्या कुरकुरणाऱ्या. वरच्या बंद दारापाशी तो मांडी घालून बसला. आतून कसलाच आवाज नव्हता, पण कुणीतरी श्वास धरून बसलंय हे लाकडातून कळत होतं. काय बोलायचं? त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, काम सांगितलं. आणि मग, दाराशी बोलणं सोपं असतं म्हणून असेल, त्यानं त्या उन्हातल्या रेनकोटवाल्याची गोष्ट सांगितली. दाढीचा फेस, उत्तर, सगळं.

"त्या दिवशी तुम्हीच होतात?" दारामागून आवाज आला. बसका, गंजलेला, वापरात नसलेला आवाज.

"हो."

"मला दिसत होतं. पडद्याच्या फटीतून. ती फाटकाखालून वाकून आत गेली. बसली. मला कळलं काय ते. मी दार उघडलं. जिना उतरायला लागलो. अर्ध्यावर आलो आणि पाय थांबले. पुढची पायरी दिसतच नव्हती म्हणा ना. मग गाडी थांबल्याचा आवाज आला. म्हटलं, संपलं. परत वर आलो. संध्याकाळी दारापाशी ताट आलं, तेव्हा कळलं."

वाकिसाका उठला तसा आवाज म्हणाला, "आईला सांगू नका."

तो उतरू लागला. अर्ध्या जिन्यावर त्याचे पाय आपोआप थांबले. खाली उजेडात बाईंची पाठ दिसत होती, त्या चहा गाळत होत्या. सांगावं का? पोरगा अर्ध्यापर्यंत आला होता, बाई. तुमच्यासाठी आला होता. एवढ्या वर्षांत कुणी तिला याहून मोठी गोष्ट सांगितली नसती. आणि ती ऐकून बाई काय म्हणतील, तेही त्याला तिथंच, त्या पायरीवर, स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे माझं बरोबर होतं तर. गाडी थांबली नसती तर उरलेला जिनाही उतरला असता. ही बाई सरळ मनाची होती, तिचा हिशेब सरळ होता, आणि त्या हिशेबात फक्त एक आकडा कमी पडत होता. तो आकडा त्याच्या हातात होता.

"काय म्हणाला?" बाईंनी पाठमोरंच विचारलं. "आवाज ऐकू आला मला. शब्द नाही लागले. त्याच्या बापासारखा झालाय आता आवाज."

"गाड्यांविषयी बोलला," वाकिसाका म्हणाला.

"गाड्यांविषयी?" त्या वळल्या. चहाची किटली हातात तशीच. "दुसरं काही नाही?"

"दुसरं काही नाही."

"लहानपणी आवडायच्या त्याला," त्या म्हणाल्या आणि चहा ओतू लागल्या. "पुढल्या गुरुवारी याल?"

तो गेला. मग दर गुरुवारी जाऊ लागला. दारापाशी बसून काहीबाही बोलायचा: टेकडीमागची कंपनीची जत्रा बंद पडलीय, आकाशपाळणा उतरवतायत, कुबोकीचे दात पडलेत, आता स्टेशनांची नावं पुकारताना शिट्टी वाजते. कधी आतून हुंकार यायचा, कधी एखादा शब्द, एकदा चक्क हसल्यासारखं काहीतरी. खाली सगळ्यात शेवटच्या पायरीवर इसोगाईबाई बसलेल्या असायच्या. रेडिओ बंद करून, शेंगा सोलत, साल ताटलीत पडल्याचाही आवाज होऊ नये अशी सांभाळून ठेवत. गुरुवारी त्या केस रंगवून घ्यायच्या. अंगानंही जरा भरल्या. फलाटावर मान लववताना हसू लागल्या. हे आपल्या खोट्यावर चाललंय, वाकिसाका वळणावर वेग मोडताना म्हणायचा. खोटं आहे तोवर बाई आहे. आणि कधी कधी, केबिनमध्ये ऊन तिरपं येई तेव्हा, त्याला वाटायचं की खरं काय ते एकदाच सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, मग काय व्हायचं ते होवो. त्या विचारानं तो स्वतःच दचकायचा.

चिझुरू एकदा म्हणाली, "गुरुवारी कुणाकडे जाता हो?"

"एक म्हाताऱ्या बाई आहेत. फाटकावरच्या."

"त्याच? ज्यांना..." ती थांबली. "काय करता तिथं?"

"बोलतो."

तिनं हातातला टॉवेल घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. "या घरात कधी एवढं बोललात?" ती म्हणाली, भांडणाच्या सुरात नव्हे, आणि कपडे वाळत घालायला गेली. तिच्यामागं जावं असं त्याला वाटलं. तो बसून राहिला.

फेब्रुवारीत थंडी वाढली, कामावरची माणसं आजारी पडली आणि एक गुरुवार त्याला दुसऱ्याची पाळी करावी लागली. पुढल्या आठवड्यात मंगळवारपासून बाई फलाटावर दिसल्या नाहीत. पहिल्या दिवशी त्यानं मनाशी म्हटलं, बर्फ आहे, कशाला येतील. दुसऱ्या दिवशी वळणावर त्यानं खाली फाटकाकडं पाहिलं, रुळांवर कुणी नव्हतं, घराच्या वरच्या खिडकीचा पडदा मिटलेला होता. रुळांवर कुणी नाही ना, मग ठीक आहे. तिला मरायला दुसरी वाट असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. इतके दिवस रुळांवर बघायची सवय झाली होती.

गुरुवारी तो गेला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं हाका मारल्या. घरात भाताचा वास होता. स्वैपाकघराच्या जमिनीवर इसोगाईबाई उताण्या झोपल्या होत्या, गळ्यापर्यंत जाड रजई नीट खोचलेली, तोंडावर पांढरा रुमाल. छातीत कळ येऊन ओट्यापाशीच कोसळल्या, असं डॉक्टर पुढं म्हणाले. लगेच गेल्या असणार, आणि जाऊन एकदोन दिवस झाले असणार. उशाशी वाडगा होता. मेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा भाताचा उभा ढीग, त्यात खोवलेल्या दोन काड्या. वाकिसाका गुडघ्यांवर बसला. भाताला हात लावला. कोमट होता. ओट्यावर कालपरवाचा भात एका ताटलीत काढून ठेवलेला होता, तोही गिचका, पाण्याचं माप चुकलेला. म्हणजे कुणीतरी रोज ताजा शिजवत होतं.

त्यानं मान वर केली. जिन्याच्या मधल्या पायरीवर एक माणूस बसला होता. थोराड अंगाचा, पांढऱ्या केसांचा, आईचं लोकरी जाकीट खांद्यांवर ताणून घातलेला. त्याची नजर वाकिसाकाकडं नव्हती, वाडग्याकडं होती.

"पडल्याचा आवाज आला," तो म्हणाला. "मग उतरलो." आणि थोड्या वेळानं, "आता कुणाला कळवायचं असतं?"

"डॉक्टरला. मग पोलिसांना. मी करतो फोन."

वाकिसाकानं फोन केले. पत्ता सांगितला, नाव सांगितलं, मुलगा घरात आहे असं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, थांबा तिथंच. गाडी गेली, बश्या वाजल्या. फोन ठेवल्यावर काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून तो रजईची कड सारखी करू लागला, जी आधीच सारखी होती.

"सांगितलंत का तिला?" नाओफुमीनं विचारलं. "जिन्याचं?"

बाईंनी विचारलं असतं तर काय सांगायचं, त्याची तयारी वाकिसाकानं सगळा हिवाळा केली होती. या माणसाला सांगायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं. हो म्हणावं, तो मनात म्हणाला. आणखी एक खोटं, त्यानं कुणाचं काय जातंय.

"नाही," तो म्हणाला. "तू नको म्हणाला होतास."

नाओफुमीनं मान हलवली. बरोबर आहे, असं म्हटल्यासारखी. मग तो कठड्याला धरून उठला आणि उरलेल्या पायऱ्या एकेक करत खाली आला. आईच्या पायांशी थबकला. रजईला वळसा घालून ओट्यापाशी गेला.

"मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल," तो म्हणाला.

त्यानं डब्यातून तांदूळ भांड्यात काढले आणि नळ सोडून ते धुवायला घेतले.